डोमाजीचा कोट आणि भुऱ्याची सुनवाई

वैशाखात आमच्या गावची म्हसरं दिवसभर तलावातून बाहेर निघत नाहीत, आणि डोमाजी कापगते मात्र गरम कोट घालून भर दुपारी गावातून फिरायचा. दुसरी मोठी लढाई संपल्यावर गोंदियाच्या बाजारात शिपायांच्या खाकी कोटांचे ढीग विकायला आले होते, त्यातलाच हा एक. गळ्यापासून मनगटापर्यंत सगळी बटनं लावलेली. "डोमाजीभौ, काऊन जी उकडून घेता?" असं कोणी विचारलं की म्हणायचा, "गर्मी कोटाले होऊन राहिली, मले नाही."

आमचं गाव कोहमाऱ्यापासून दोन कोस आत. तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं, ते डोमाजी ठरवायचा. त्याचा बाप आणि आजाही हेच करत आले. रात्रीतून कोणाचा बांध फुटला की दोघं जण भांडत त्याच्याकडे यायचे. तो कोणाचंच ऐकून घ्यायचा नाही. "आधी बांध पाहा," म्हणायचा आणि चिखल तुडवत निघायचा. कोणाच्या हद्दीत कोणी कुदळ मारली ते बघायचा, मग दंड सांगायचा. त्याचा शब्द गावात कोणी मोडत नसे.

इथवर ठीक होतं. पण हे वाक्य त्यानं संसाराला लावलं. नवराबायकोचं भांडण असो, नाहीतर पोराला गणित न येणं असो, "आधी बांध पाहा." बायको सीताबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो स्वतःच रांधायचा. एकदा त्याच्याकडे जेवलो, तर वरण तोंडात धरवेना. तसं म्हणालो, तर म्हणे, "आधी बांध पाहा गुरुजी. मीठच खारं निघालं."

सीताबाईमागे घरात उरला भुऱ्या, तिनं माहेराहून पदरात घालून आणलेला कुत्रा. ती होती तेव्हा डोमाजी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. आता तोच भुऱ्या त्याच्या खाटेखाली झोपायचा आणि गावभर त्याच्या मागे हिंडायचा.

एक दिवस हा भुऱ्या सरपंचाच्या साळ्याच्या, म्हणजे मेहुण्याच्या, पोटरीला चावला. पंचायत नुकतीच आली होती. शाळेचं छप्पर गळत होतं, विहिरीचा काठ खचला होता, तिकडे बघायला पंचांना सवड नव्हती. पण साळ्याची पोटरी पाहताच दुसऱ्या दिवशी ठराव झाला: माणसाला चावेल ते कुत्रं आठ दिवसांत गोळी घालून मारावं. एकमतानं झाला, कारण सभेला कुत्रं नव्हतं. तो मीच लिहिला. शाळेचा गुरुजी मी, आणि लिहिता येतं या गुन्ह्यापायी पंचायतीचा चिटणीसही मीच.

संध्याकाळी डोमाजी कोटासकट माझ्या ओट्यावर हजर.

"लिहा गुरुजी. ठराव बदलवा म्हणून अर्ज."

"अहो, कुत्र्यासाठी अर्ज?"

"त्याले बोलता येत नाही म्हणून त्याचा गुन्हा कबूल झाला काय? ज्याचं कुत्रं त्याले विचारा. कुठं चावला, काऊन चावला, पाहा. मंग मारा."

हसू दाबत अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी ते दाबणंही जमेना. कुत्रं चावू नये याची हमी म्हणून डोमाजीनं भुऱ्याला मुसकं घातलं होतं. मळणीत बैलानं धान खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ते. बैलाचं मुसकं, ते भुऱ्याच्या कानांवरून थेट खांद्यापर्यंत उतरलं. बिचारा भिंतीवर आपटत चालत होता आणि हा त्याला "उजवीकडं, बाप्पा, उजवीकडं," असं सांगत मागून जात होता. पोरांनी त्या दिवशी शाळा बुडवली. मीही हजेरी घेतली नाही.

सातव्या दिवशी सभा भरली. बंदूकवाला शिकारी बाहेर विडी ओढत बसला होता.

सरपंच म्हणाला, "डोमाजी, पुरे झाला पुळका. गाव हासून राहिलं तुमाले."

"हासू द्या जी. पण बांध फुटला का मी आधी काय करतो?"

म्हातारे शेतकरी सवयीनं बोलून गेले, "बांध पाहाता."

"मंग चाला."

आता नाही कोण म्हणणार? पाचही पंच उठले आणि साळ्याला घेऊन डोमाजीच्या घरामागच्या वाडीत गेले. कुंपण वाकवून एक माणूस जाईल एवढी वाट केलेली. आत कोहळ्याच्या वेलाखाली एक वहाण पडलेली.

साळा म्हणाला, "मी तं रस्त्यानं जाऊन राहिलो होतो."

डोमाजीनं वहाण उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली. "मंग हे एकटीच कोहळा पाहाले आली काय?"

सरपंचसुद्धा हसला. ठराव तिथंच बदलला. आपल्या वाडीत चावलं तर कुत्र्याचा गुन्हा नाही. बाहेर चावरं कुत्रं मुसकं घालून न्यावं. मारायचं ते चौकशी झाल्यावरच. पण साळ्याची लाज राखायची म्हणून सरपंचानं शेवटी एक ओळ घालायला लावली: "ज्यानं खुद्द मालकालेच चावलं, त्याची सुनवाई नाही. पिसाळलेलंच समजाचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तासभर बोलणारा डोमाजी मनगटाचं बटन चाचपत म्हणाला, "बरोबर आहे." दमला असेल म्हातारा, असं मला वाटलं.

चार दिवसांनी ठरावावर त्याची सही घ्यायला दुपारचा त्याच्या घरी गेलो. तो अंगणात हातपाय धूत होता. कोट खुंटीवर होता. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत दातांच्या खुणा होत्या. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या; एक अजून ओली. आत भुऱ्या एका हिरव्या लुगड्यावर निजला होता.

"हे भुऱ्यानं?" मी विचारलं.

तो कोटाकडे धावला, मग थांबला. खाली बसला.

"सीता गेली तवा लुगडं कोणाले देऊन टाकावं म्हटलं. हात लावला तं चावला."

"एकदा ना? मग एवढ्या खुणा?"

"मीच लावतो हात. महिना-दोन महिन्यांनी." तो भुऱ्याकडे बघत होता. "वाटते, आता इसरला असंल. चावला का जिवाले बरं वाटते. तो इसरला, तं तिची आठवण काढणारा मी एकटाच राहीन, गुरुजी."

ठरावाची वही माझ्या काखेत होती. तिच्यातली शेवटची ओळ माझ्याच अक्षरातली. या माणसाला इतके दिवस मी हसत होतो, याची मला लाज वाटली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी खुंटीवरचा कोट काढला, त्याच्या अंगात चढवला आणि दोन्ही मनगटांची बटनं लावून दिली.