कठीण पृष्ठभागाविषयी एक निवेदन

चुकतो तो माणूस, असे म्हणतात. चूक छापून आणतो तो विद्वान. आणि छापलेली चूक कुणाचे मन न दुखवता, कुणाच्या लक्षातही न येऊ देता मागे घेऊन दाखवते, ती संस्था. (यांपैकी पहिला मी जन्मतः होतो, दुसरा प्रयत्नांनी झालो आणि तिसरीच्या सल्लागार मंडळावर गेली नऊ वर्षे आहे.)

आमचे जर्नल पाठीच्या आणि कमरेच्या विकारांना वाहिलेले आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यात माझा लेख आला : 'कठीण पृष्ठभागावरील निद्रा आणि कंबरदुखी'. दोनशे चाळीस माणसे सहा महिने झोपवली, निम्मी जमिनीवर, निम्मी गादीवर. निष्कर्ष असा की जमिनीवर झोपणाऱ्यांची कंबरदुखी निम्म्याने कमी होते. लेख गाजला. तीनशे बारा संशोधकांनी त्याचा हवाला दिला आणि त्यांतल्या काहींनी तो वाचलाही. मी विभागप्रमुख झालो. माझे वडील जमिनीवर झोपायला लागले.

वडील नोंदणी कार्यालयात छत्तीस वर्षे कारकून होते. जी गोष्ट कागदावर नाही ती घडली आहे, असे ते मानत नाहीत. माझा जन्मसुद्धा त्यांनी दाखला हातात पडल्यावर, म्हणजे नवव्या दिवशी, नातेवाइकांना कळवला. लेख आला त्याच आठवड्यात त्यांनी आपला पलंग माझ्या बहिणीकडे पाठवून दिला, खाली चटई अंथरली आणि लेखाची प्रत घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावली. आल्यागेल्याला सांगत, "आमच्या मुलाने सिद्ध केलंय." तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. आता एकोणऐंशी.

आमच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे दशांशबाई म्हणतात (पाठीमागे). तीन वर्षांपूर्वी त्यांनी वर्गात सोडवायला द्यायचे म्हणून माझे मूळ आकडे मागून नेले आणि दोन दिवसांनी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, रागावू नका. तुमच्या तक्त्यात दोन रकान्यांची डोकी अदलाबदल झालीत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आराम पडलाय तो गादीवाल्यांना. जमिनीवाल्यांची कंबर धरलीये."

मी तीनदा तपासले. चौथ्यांदा तपासले ते केवळ आशेपोटी.

वडिलांना सकाळी अंथरुणातून उठायला किती वेळ लागतो, हे मी, कंबरेवरचा जाणकार, कधी मोजले नव्हते. बायकोने मोजले होते. अकरा मिनिटे. आधी कुशीवर वळायचे, मग टेबलाचा पाय धरायचा, मग एक गुडघा, मग थांबायचे, मग दुसरा. "अहो, तोंडाने सांगून टाका ना त्यांना," ती म्हणाली. मी सांगितलेही. म्हणालो, "बाबा, हल्ली गादीसुद्धा चांगली मानतात." (कोण मानतात, हे मी मोघम ठेवले.)

"कुठे छापून आलंय?"

"अजून नाही."

"आलं की बघू."

तेव्हा वडिलांना जमिनीवरून उठवण्याचा रस्ता आता जर्नलच्या कचेरीतून जात होता. मी रीतसर पत्र लिहिले की अमुक लेख चुकीचा आहे. चार महिन्यांनी उत्तर आले : 'सदर लेखावरील आपला आक्षेप मिळाला. नियमानुसार तो खुलाशासाठी मूळ लेखकाकडे पाठवण्यात येत आहे.' पुढच्याच टपालाने तो माझ्याकडे आला. तीस दिवसांत खुलासा करायचा होता. आक्षेप वाचला आणि खरे सांगतो, त्याचा सूर मला झोंबला. माणसाने लेखकाच्या ज्येष्ठतेचे थोडे तरी भान ठेवावे! खुलाशाचा मसुदा मी 'आक्षेपकर्त्याचा विषयाचा अभ्यास तोकडा दिसतो' इथून सुरू केला आणि दुसऱ्या पानावर गेल्यावर मला आक्षेपकर्ता आठवला.

आक्षेप आणि खुलासा दोन्ही मग एका तज्ज्ञाकडे अभिप्रायासाठी गेले. तज्ज्ञाचे नाव गुप्त ठेवण्याची आमची कडक प्रथा आहे, त्यामुळे तो मी होतो हे मी कुणाला सांगू शकलो नाही. (या विषयात दुसरा तज्ज्ञ नाही. त्याला कारण माझा लेख.) मी दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे ऐकून घेतल्या आणि 'किरकोळ दुरुस्ती सुचवावी' असा शेरा मारला. आजवर प्रत्येक प्रकरणात मी तोच मारत आलो आहे.

येथे जर्नलच्या भाषेविषयी सांगायला हवे. सव्वीस वर्षांत आमच्या पानांवर 'चूक' हा शब्द एकदाही आलेला नाही. लेखक ज्येष्ठ असल्यास 'अनवधान' लिहितात. यंत्रावर ढकलता येत असेल तर 'तांत्रिक विसंगती'. हाताखालचा विद्यार्थी नोकरी सोडून गेला असेल तर 'संकलनातील त्रुटी', आणि लेखक वारले असतील तर 'मतभिन्नता'. मी ज्येष्ठ होतो, यंत्र जुने होते आणि विद्यार्थीही परदेशी गेला होता, त्यामुळे शब्द निवडायलाच मंडळाच्या तीन बैठका झाल्या. चहापान वेगळे.

मग संपादकांचा फोन आला. "सर, 'मागे घेतला' हे जरा टोचतं. तुमचं नाव आहे, आमचंही नाव आहे."

खरे म्हणजे इथे मी ठाम राहायला हवे होते. पण कुलगुरुपदासाठी त्याच महिन्यात माझे नाव चर्चेत होते. मी म्हणालो, "मसुदा पाठवा, मी नजर घालतो." नजर घातली. दोन वर्षे सात महिन्यांनी, चौऱ्याण्णवाव्या पानावर, परिसंवादाच्या नावनोंदणीच्या अर्जाखाली हे निवेदन प्रसिद्ध झाले :

'तक्ता क्र. ३ मधील काही रकान्यांच्या मांडणीबाबत पुनर्विचारास वाव असल्याचे लेखकाने स्वतःहून उदारपणे निदर्शनास आणले आहे. वाचकांनी निष्कर्षांचा यथोचित संदर्भात उपयोग करावा. लेख मागे घेतला गेल्याचे समजण्यास मंडळाची हरकत नाही.'

'उदारपणे' हा शब्द माझा.

अंक घेऊन मी वडिलांसमोर बसलो. त्यांनी भिंग लावून निवेदन दोनदा वाचले.

"जमिनीवर झोपू नये, असं कुठे लिहिलंय?"

"अर्थ तोच आहे, बाबा."

"अर्थ नको. वाक्य दाखव."

वाक्य नव्हते. मसुद्यातून ते मीच काढले होते. वडिलांनी तो कागद तारखेनुसार मूळ लेखामागे लावला आणि चटई झटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी चहा घेत निवेदन किती जणांनी उघडले ते पाहत होतो. (नऊ. त्यांत सात वेळा मीच.) खाली वडील कुशीवर वळले, टेबलाचा पाय धरला, एक गुडघा टेकला आणि थांबले. ते पुढे उठेनात. मला हाकही मारली नाही. आपल्याच मुलाच्या लेखाविरुद्ध तक्रार कशी करायची, असे त्यांना वाटले असावे. मला इतकी लाज वाटली की मी खुर्चीवरून उतरून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"बाबा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"रकाने उलटे पडले. गादीच बरी. तुमची कंबर माझ्यामुळे गेली."

"कधी कळलं तुला?"

"तीन वर्षं झाली."

ते म्हणाले, "एवढंच छापायचं होतं की. त्याला मंडळ कशाला लागतं?" आणि टेबलाच्या पायाऐवजी माझा खांदा धरून उठले. "आता हेच लिहून दे."

मी लिहून दिले. सही केली, तारीख घातली. त्यांनी सूनबाईंची साक्षीदार म्हणून सही घेतली, कागद फायलीत लावला आणि बहिणीला फोन करायला सांगितला. संध्याकाळी पलंग आला.

निवेदनानंतर मूळ लेखाचा हवाला आणखी एकेचाळीस संशोधकांनी दिला आहे. त्यांतल्या तिघांनी निवेदनाचाही दिला आहे, पुष्टी म्हणून.

म्हणून हल्ली मी ही हकिगत भेटेल त्याला तोंडीच सांगतो (लिहिली ती ही एकदाच). लोक पोट धरून हसतात, 'काय एकेक संस्था असतात' म्हणतात. आणि निघताना हमखास कुणीतरी कंबरेवर हात ठेवून विचारतो, "पण एकंदरीत जमीनच बरी, नाही का?"

तुम्हीही हसला असाल. अजून दोनेक महिन्यांनी तुमच्या घरात कुणी कंबर धरून बसेल, आणि तुम्ही मोठ्या मायेने सांगाल, "खाली झोपत जा, फरक पडतो. वाचलंय मी कुठेतरी." कुठे, ते तुम्हाला आठवणार नाही. इथे.