दगूनाना आणि बाहेरचा माल

दगूनाना कुणाच्याही घरी गेला की आधी बसत नाही. चप्पल काढतो आणि सरळ मोरीत शिरतो. नळ उघडतो, बंद करतो, बोटाच्या पेरानं वाजवतो, कान लावतो. मग बाहेर येऊन निकाल सांगतो, "पोकळ हाय. बाहेरचा माल." राम राम त्यानंतर.

मला लिहिण्याचं वळण नाही, शाळा चौथीत सुटली. पण आमच्या सातपूरच्या गल्लीत असा नमुना राहतो आणि कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून मीच बसलो. बायको गेल्यापासून वेळही फार उरतो.

नानाचा जन्म पितळी नळांच्या एका लहान कारखान्यात गेला. काम बफिंगचं, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर नळ धरून चमकवायचा. पुढं बाजारात चीनचे नळ आले. तेव्हापासून जे पटत नाही ते सगळं 'बाहेरचा माल'. बेचव टोमॅटो, बाहेरचा माल. निवडणुकीला उभं राहिलेलं नवं पोरगं, बाहेरचा माल. माझा जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याला नुसता पेरानं वाजवायचा राहिला होता. मी घाईनं चहा पुढं केला म्हणून निभावलं.

पुतण्यासाठी मुलगी बघायला सिन्नरला गेलो, तेव्हा नानाला नेलं. चूक झाली. आम्ही सतरंजीवर, नाना मोरीत. नळ जोरात पिळला तो हातातच आला. पाण्याचा फवारा थेट छताला. मुलीचा बाप फडकं घेऊन धावला. एवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली, तर समोर नाना, नखशिखांत भिजलेला, हातात नळ.

"मुलगी एक नंबर हाय," नाना म्हणाला. "नळ तेवढा बाहेरचा माल."

मुलगी अशी हसली की पोह्याची बशी कलली. पुतण्या तिथंच होय म्हणाला.

परवा माझ्याच मोरीतला नळ त्यानं नापास केला. "फेकून द्या अण्णा. चीनचा हाय."

मी खोलून बघितला. आत नानाच्याच कारखान्याची खूण.

नानानं नळ उलटासुलटा करून बघितला. "मी रजेवर असताना झाला असंल."

"मग काय तर!"

"आणि खुणेवर काय जाता अण्णा? आता तिकडूनच आमची खूण मारून येतात."

निसटलं ते तोंडातून. मग सगळंच सांगितलं. भट्टी बंद झाली. भट्टीवाला रिक्षा चालवतो, लेथवाले दोघं द्राक्षाच्या पॅकिंगला गेले. नानाला ठेवलंय, पण आलेल्या नळातून पाणी सोडायचं, गळत नाही ना बघायचं, डब्यात घालायचं. "मालक म्हणतो, नुसतं पितळ घेतो तेवढ्या पैशात तिकडून अख्खा चमकवलेला नळ येतो. त्याचं बी खोटं नाय."

"म्हणजे बाहेरच्या मालाला पास करणारा तूच!"

"हळू बोला. गोदाला ठाऊक नाय."

गोदाबाई म्हणजे त्याची बायको. ज्या घरी जाईल तिथला नळ पदरानं पुसते. "आमच्या ह्यांचा हात लागलाय," म्हणते. पण तिला कळलं कसं नाही, याचं मला कोडं पडलं. बफिंगचा माणूस घरी येतो तो चाकाच्या धुळीनं काळाठिक्कर, नुसते दात दिसतात. नाना तर अजूनही रोज तसाच येतो. गोदाबाई पाणी तापवते, त्याला घासते, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं करवादते.

कोडं काल सुटलं. दिवेलागणीला मला घरात बसवत नाही. फिरत पाण्याच्या टाकीमागं गेलो, तर तिथं नाना. पिशवीतून बफिंगची जुनी कापडी चकती काढलेली आणि बाई पावडर लावते तशी गालांवर फिरवतोय.

"नाना, तमाशात उतरलास का?"

"हसा. पण गप हसा."

"सांगून टाक तिला. कळणारच एक दिवस."

"सांगीन की. पण रोज विचारती, आज किती नळ चमकवले? मी काहीतरी आकडा सांगतो. तो ऐकून खूश होती, मग भाकरी टाकती. उद्यापासनं काय सांगू? डबे भरले?"

 मीही दुसऱ्या एका कारखान्यात भट्टीवर काळा झालेला माणूस. मला घासताना आमची ही पहिल्यांदा कानच धरायची. आता मी आपला गार पाण्यानं उरकतो.

नानानं चकती पिशवीत टाकली आणि निघाला.

"थांब," मी म्हणालो. "कानामागं स्वच्छ राहिलंय. बायका आधी तिथंच बघतात."

तो मागं फिरला आणि मान वाकवून उभा राहिला. मी त्याच्याकडून चकती घेतली आणि दोन्ही कानांमागं नीट काळं लावून दिलं.