मौजरानातली रांग

मुलांनो, एका जंगलात अस्वलाने करमणुकीचं उद्यान काढलं. नाव ठेवलं मौजरान. तिथे धबधब्यावरून खाली येणारी लांबलचक घसरगुंडी होती आणि तिच्यापुढे त्याहून लांब रांग.

त्याच जंगलात शेवंता नावाचं खवले मांजर राहत होतं. तिची लेक रेवू. रेवूला कुणाचा धक्का लागला की ती घाबरायची आणि तिच्या अंगाचा गोळा व्हायचा. ती मुद्दाम करायची नाही. अंग आपोआप मिटायचं आणि मग तासभर उघडायचं नाही.

दोघी तीनदा मौजरानात गेल्या. तीनदा रांगेत मागच्या रानडुकराचा धक्का लागला, रेवू मिटली आणि शेवंता तो गोळा पोटाशी धरून घरी आली. तिसऱ्यांदा उघडल्यावर रेवूने विचारलं, "आई, माझा नंबर गेला का गं?"

शेवंताला त्या दिवशी मुंग्या गोड लागल्या नाहीत.

ती अस्वलाकडे गेली. "साहेब, आमचा नंबर लावून ठेवा. आम्ही त्या जांभळीखाली थांबतो. पाळी आली की हाक मारा. आम्हाला पुढे घुसायचं नाही."

"बाई, इथे सगळे समान," अस्वल म्हणालं. "तुम्हाला सवलत दिली तर उद्या सगळेच लंगडत येतील. समितीचा दाखला आणा."

समितीत तीन बगळे होते. त्यांनी रेवूला लांबून, अतिशय अदबीने तपासलं. कुणी धक्का दिला नाही, म्हणून ती मिटलीही नाही. बगळ्यांनी लिहिलं, 'मुलगी धडधाकट आहे.'

मग शेवंता न्यायालयात गेली. जंगलाच्या कायद्यात लिहिलं होतं, 'ज्याचं अंग जसं, त्याला सोय तशी.' ते कलम कुणी वापरलंच नव्हतं. न्यायाधीश हत्तीणबाईंनी त्यावरची धूळ सोंडेने फुंकली.

"रांगेचा नियम वाकवला तर उद्यान बंद पडेल," अस्वल म्हणालं.

"मागच्या आठवड्यात राजाचे मेहुणे आले होते. ते रांगेत किती वेळ उभे होते?" हत्तीणबाईंनी विचारलं.

अस्वल खाकरलं. "ते मागच्या फाटकाने आले."

"एकटेच?"

"बावीस जण होते."

"मग उद्यान बंद पडलं?"

"नाही बाईसाहेब. आम्ही हार घातले."

"दाखला कुणाकुणाचा पाहिलात?"

निकाल शेवंताच्या बाजूने लागला.

पुढच्या रविवारी मायलेकी जांभळीखाली बसल्या. रांगेला लागला तेवढाच त्यांनाही दीड तास लागला. मग हाक आली. रेवू वर चढली, पाण्याबरोबर सुसाट खाली आली, नाकातलं पाणी शिंकरून म्हणाली, "आई, परत."

रांगेतलं रानडुक्कर हे बघत होतं. त्याचे पाय दुखत होते. त्याने विचारलं, "आम्हीही झाडाखाली बसून थांबलो तर चालेल का?"

संध्याकाळपर्यंत सगळी रांग सावलीत बसली होती. कुणाचा कुणाला धक्का नाही. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली, 'अस्वलसाहेबांची अभिनव कल्पना'. महिन्याभरात राजाने अस्वलाला पदक दिलं. शेवंताला समारंभाचं आमंत्रण नव्हतं. ती तेव्हा घसरगुंडीच्या पायथ्याशी उभी राहून रेवूच्या फेऱ्या मोजत होती. सातवी चालू होती.

तात्पर्य: नियम सगळ्यांना सारखा असतो, म्हणून मुलांनो, मोठेपणी राजाचे मेहुणे व्हा. ते जमलं नाही तर शेवंतासारखी आई मिळवा. तीही मिळाली नाही तर अस्वल व्हा, निदान पदक तरी मिळेल.