पायजमा शिरगुप्प्यांकडे राहायला होता तेव्हा

गेल्या श्रावणात ‘पायजमा’ हा शब्द सांगलीत आमच्या शेजारी, शिरगुप्प्यांकडे राहायला आला. शिरगुप्पे निवृत्त शिक्षक. त्यांनी त्याला पुढच्या खोलीत बसवून विचारपूस सुरू केली.

“मूळचे कुठले आपण?”

“फारसीतला,” शब्द म्हणाला. “पाय म्हणजे पायच. जामा म्हणजे कपडा. पुढे विलायतेला गेलो. तिथे मला झोपतानाच घालतात.”

“अरेरे,” शिरगुप्पे म्हणाले. त्यांचा चहा निवून गेला.

त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दुपारी त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “नातवंडं झाली, तरी यांनी माझ्या माहेरची कधी चौकशी केली नाही. आणि त्याच्या पार आजोळापर्यंत पोचलेत.”

पुढे शिरगुप्पे आणि शब्द दोघे पहाटे फिरायला जाऊ लागले. पद्मावतीबाईंनी शब्दाच्या आमटीत मीठ घालणं बंद केलं. तो तीही वाखाणून जेवला. तेव्हा त्या नगरपालिकेच्या शब्द विभागात गेल्या.

“त्रास देतो का?” साहेबांनी विचारलं.

“नाही. फार गोड बोलतो.”

“मग तक्रार काय?”

“तीच.”

साहेबांनी विचार केला. “हलवता येईल. पण मग सांगलीत त्या कपड्याला नाव उरणार नाही.”

“नसू दे.”

शब्दाची बदली मिरजेला झाली. शिरगुप्पे स्टँडवर पोचवायला गेले आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. हे कळल्यावर पद्मावतीबाई दोन्ही वेळ जेवल्या नाहीत.

गावाची पंचाईत झाली. शिंप्याकडे माणसं नुसती पायाकडे बोट दाखवत. पद्मावतीबाईंचं मात्र अडलं नाही. “तुमचं ते वाळत घातलंय,” त्या नवऱ्याला ओरडून सांगत. गल्लीनं ते उचललं. महिन्याभरात दुकानांत पाटी लागली : ‘सुती तुमचं ते मिळेल.’

मग साहेब शिरगुप्प्यांच्या घरी आले. नव्या शब्दाचं मूळ त्यांना हवं होतं.

शिरगुप्पे बायकोकडे वळले. “‘तुमचं ते’ आलं कुठून गं?”

“माझ्या माहेरून, नांदणीहून. आई वडिलांना कपडे देताना असंच म्हणायची. त्यांच्या वस्तूंची नावं घेत नसे.”

“का?”

“लाजायची.”

“कशी होती तुझी आई?”

पद्मावतीबाई पदर सावरून खाली बसल्या आणि सांगू लागल्या. साहेब थोडा वेळ थांबले, मग आपणच दार ओढून घेत निघून गेले.

हल्ली पहाटे नवराबायको दोघं फिरायला जातात. मिरजेत अजून पायजमाच म्हणतात. त्या घरात मिरजेचं नाव कुणी काढत नाही.