खेकडा तेजोमेघाचा जबाब

आमच्या तालुका आकाश कार्यालयाने खेकडा तेजोमेघाला कारणे दाखवा नोटीस पाठवली आणि गुरुवारी सकाळी साडेदहाला तो हजर झाला. त्याला अकरा प्रकाशवर्षे जागा लागते, म्हणून नोंदवही सांभाळणाऱ्या बोंद्रेकाकांनी त्याला बाकाच्या कडेला सरकून बसायला सांगितलं. तो सरकला.

प्रकरण साधं होतं. मागच्या महिन्यात त्याने चार दिवस नेहमीच्या पाचपट गॅमा किरण सोडले होते. आमच्याकडे इतरांची चमक याच्या चमकेशी ताडून मोजतात, कारण हा कधी कमीजास्त होत नाही असा त्याचा लौकिक. त्यामुळे कार्यालयप्रमुख सावदेकर साहेबांना ते फार लागलं होतं. संध्याकाळी पाचपर्यंत कारणाची नोंद झाली नाही, तर नियमाप्रमाणे त्याचा ऊर्जापुरवठा तोडायचा होता. मग तेजोमेघ विझतो. आदेश तयार होता. तो मीच टाइप केला होता.

सोबत पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा छोटा तारा, आला होता. तो तेजोमेघाच्या मधोमध सेकंदाला तीस वेळा फिरतो आणि त्याला लागणारी सगळी ऊर्जा पुरवतो. तेजोमेघाचं वय नोंदवहीप्रमाणे हजाराच्या आत आहे. दहा हजारांखालच्याला आम्ही अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, धरतो. त्याच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) लिहून पालकाचं नाव लावतात आणि जबाब पालकच देतो.

"तुम्ही याला काही बोललात का?" साहेबांनी पल्सारला विचारलं.

"मी फिरत होतो."

"वेग वाढवला? कमी केला?"

"नाही."

"मग हा भडकला कसा?"

"हा भडकला होता?" पल्सारने विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला. "पालकांनाच ठाऊक नाही, म्हणजे कारण नाही. बाळ, तसं लिही."

"मी बाळ नाही, कनिष्ठ लिपिक आहे. आणि ज्याचा भडका उडाला तो समोर बसलाय. त्याला विचारा ना."

"अज्ञान आहे तो," बोंद्रेकाका म्हणाले. "काहीही सांगेल."

घरी मी चिडले की आईसुद्धा बाबांनाच विचारते, "तुम्ही काही बोललात का हिला?" तेव्हा मी काय करते ते सांगायची ही जागा नव्हे. कार्यालयात मी जन्मनोंद मागवली.

कपाटाची किल्ली सापडायला काकांना पावणेचार वाजले. मधे जेवणाची सुट्टी होती आणि ती त्यांनी पूर्ण घेतली. नोंद स्वच्छ होती. इसवी सन १०५४, एका ताऱ्याचा स्फोट, चीनच्या दरबारी ज्योतिष्यांनी भरदिवसा पाहिलेला. अपत्ये दोन: पल्सार आणि तेजोमेघ.

"साहेब, हे दोघं एकाच दिवशी जन्मलेत."

"अगं, पण हा पोसतो त्याला!"

"पोसतो. मोठा नाही."

काकांनी नोंदवही स्वतःकडे ओढली. "मीच लावलं होतं याचं नाव," ते हळूच म्हणाले. "मधोमध बसतो, घर चालवतो, फार बोलत नाही. मला वाटलं, वडीलच असणार."

"मला कोणी विचारलं नाही," पल्सार फिरता फिरता म्हणाला.

पालकच अज्ञान निघाल्यास मूळ इसमाचा जबाब घ्यावा, असा आमचा अठरावा नियम आहे. साहेबांनी तो दोनदा वाचला. चार वीस झाले होते.

"बोला," मी तेजोमेघाला म्हटलं.

"माझ्या आत चुंबकीय रेषा आहेत," तो म्हणाला. "याच्या फिरण्याने त्या पिळत जातात. मग एखाद्या लहानशा जागी दोन उलट्या दिशांच्या रेषा भिडतात, तुटतात आणि वेगळ्याच जोडीने जुळतात. तुटतात तिथे तेवढा वेळ अडवणारं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात. बाहेरच्या जोरदार क्षेत्रात आल्यावर त्यांना एकदम वळावं लागतं, तेव्हा गॅमा किरण निघतात. नंतर मला बरं वाटतं."

"कोणी चिथावलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"बरं नव्हतं का?"

"बरा होतो."

"पुन्हा होईल?"

"होईल."

"निदान आधी कळवशील?"

"मलाही आधी कळत नाही, साहेब."

छापील नमुन्यात तीनच कारणं होती: वडीलधाऱ्यांचा आदेश, बाहेरची चिथावणी, आजारपण. मी पट्टी घेऊन खाली चौथी ओळ आखली आणि लिहिलं, आतला पीळ. साहेब ओळीकडे बघत बसले. मी घड्याळाकडे बघत बसले. चार बावन्नला त्यांनी सही केली.

तेजोमेघाने अंगठा उठवला तेव्हा खालची तीन पानं जळली. काकांनी त्यांवर "वाचता येत नाहीत" असा शेरा मारून ती फाइलला लावली. पुरवठा तोडायचा आदेश मी पाठकोरा म्हणून खणात ठेवला. सगळ्यांचा चहा झाला.

सात महिन्यांनी एका दुपारी खिडकी पांढरीफटक झाली.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"चौथं."

"बरं," म्हणत त्यांनी पडदा ओढून घेतला. मी खणातून तो पाठकोरा काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर वेळ टिपली.