वरच्या सुरातली दाढ

दुपारी एक ते दोन दवाखाना बंद, अशी पाटी दातांच्या डॉक्टरांनी दारावर लावली होती. पण ती वेळ जेवणाची नव्हती, बुवांची होती. बुवा म्हणजे डॉक्टरांचे आवडते गायक. देवाची गाणी गावीत तर बुवांनीच, हे त्यांचे मत वीस वर्षे पक्के होते. आधी कॅसेट, मग सीडी, आणि आता बुवा मोबाइलवर व्हिडिओ टाकू लागल्यापासून तर डबा तसाच ठेवून, पेशंटच्या खुर्चीत आडवे होऊन डॉक्टर त्यांचे दर्शन घेत.

त्या सोमवारी नवा व्हिडिओ आला. तळ्याकाठी उभे राहून बुवा गात होते. शेवटच्या ओळीला त्यांनी वरचा सूर लावला, डोळे मिटले, तोंड आभाळाएवढे उघडले आणि कॅमेरा जवळ गेला. त्या क्षणी हजारोंच्या अंगावर काटा आला असेल. डॉक्टरांच्याही आला, पण वेगळ्या कारणाने.

"खालची डावी, शेवटची दाढ!" ते ताडकन उठून बसले. "गेली! पार गेली!"

"कोण गेलं?" बाहेर पेशंटची नावे लिहून घेणारी बायको धावत आत आली. मोबाइलवरचे चित्र डॉक्टरांनी ओढून ओढून केवढे तरी मोठे केले होते. "अगंबाई, ही कसली गुहा?"

"गुहा नाही, बुवा आहेत. हा काळा डाग बघ."

"अहो, लोक गाणं ऐकतात आणि तुम्ही दाढा मोजताय?"

"दाढ ठणकायला लागली की कसलं गाणं? उद्या सूज, परवा ताप, मग आवाजच बंद!"

डॉक्टरांनी मागचे अकरा व्हिडिओ तपासले. डोंगरावरच्या गाण्यात डाग उजवीकडे होता, होडीतल्या गाण्यात पुन्हा डावीकडे. कीड काही बदलीच्या नोकरीत नसते, हा विचार एरवी त्यांना नक्की सुचला असता. पण भक्ती आणि विद्या एकाच डोक्यात शिरल्या की विचाराला उभे राहायलाही जागा उरत नाही.

"दोन्हीकडे पसरलीय," ते म्हणाले. "काही झालं तरी बुवांचा आवाज वाचवायचा!"

त्यांनी व्हिडिओखाली लिहिले, ‘बुवा, सूर अमृतासारखा. दोन मिनिटं चौदा सेकंदांवर दाढ किडलेली दिसते. ताबडतोब दाखवा. आपला भक्त, दातांचा डॉक्टर.’

मग काय विचारता! बाकीचे भक्त मधमाश्यांसारखे उठले. ‘आधी स्वतःची नजर तपासा.’ ‘दवाखाना चालत नाही वाटतं!’ ‘बुवांच्या दाढेलासुद्धा तुमच्यापेक्षा जास्त सूर आहे.’ मात्र शिवी देण्याआधी प्रत्येकाने दोन मिनिटे चौदा सेकंदांवर जाऊन पाहिले. पाहिले, आणि डाग दिसला. बुधवारपर्यंत गाण्याबद्दल कुणी बोलेनासे झाले. कुणी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, तर एका बाईंनी सासऱ्यांची कवळी कुठे केली त्याचा पत्ता दिला.

शुक्रवारी पुढचा व्हिडिओ आला. बुवा ओठ न हलवता, रांजणात बसल्यासारखे गात होते. वरचा सूर जवळ आला तशी त्यांनी मान फिरवली, तोंडावर हात धरला, आणि तो सूर हातातच राहिला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हे माझ्यामुळं झालं."

"झालं ना? मग निस्तरा आता," बायको म्हणाली.

डॉक्टर हातपाय गाळणारे नव्हते. व्हिडिओखाली कार्यक्रमांसाठी दिलेल्या नंबरावर त्यांनी सोळा वेळा फोन लावला. सतराव्या वेळी खुद्द बुवांनीच उचलला.

"तुम्हीच का ते चौदा सेकंदवाले?"

"हो, मीच."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग हळूच, "उद्या एक वाजता येऊ का? मागच्या दारानं?"

बुवा आले ते तोंडाला मफलर गुंडाळून. खुर्चीत बसले, पण मफलरवरचा हात त्यांना काढवत नव्हता.

"दुखतंय का?"

"नाही हो. पण तुमचं वाचल्यापासून तोंड उघडायचीच भीती बसलीय. आरशासमोरसुद्धा उघडलं नाही."

"इथं उघडा. आ करा."

बुवांनी सवयीने सूरच लावला. बायकोच्या हातातल्या ट्रेमधली हत्यारे किणकिणली. डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी दिवा पुढे ओढला. दाढेला लागून काळा ठिपका होता. चिमटा लावला, तर ठिपका हलला. ओढला, तर बाहेर आला.

"हे काय?"

"लवंग," बुवा म्हणाले. "गाताना ठेवतो, घसा मोकळा राहतो. कधी या गालात, कधी त्या. आज धीर यावा म्हणून ठेवली."

बायकोने ट्रे खाली ठेवला आणि तोंडात पदर कोंबून ती बाहेर पळाली.

डॉक्टरांनी बत्तीसही दात तपासले. एकालाही नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांचे कान तापले. "बुवा, चूक चारचौघांत केली, आता कबूलही चारचौघांतच करतो." आणि तिथेच बसून त्यांनी व्हिडिओखाली लिहिले, ‘बुवांचे सगळे दात उत्तम आहेत, मी स्वतः तपासले. काळी दिसली ती लवंग होती. मी चुकलो, क्षमा असावी.’

बुवा तोंडभर हसले आणि मफलर खिशात कोंबून पुढच्या दाराने ताठ मानेने गेले.

अर्ध्या तासात उत्तर आले. ‘दाढ दुखत नसेल, तर लवंग कशाला ठेवतील?’ खाली नऊशे अंगठे. मग रांगच लागली. ‘डॉक्टर लपवतायत.’ ‘बुवा, खचू नका, आम्ही आहोत.’

"आता हो?" बायकोने विचारले.

"आता काय? एकेकाला उत्तर देणार. नऊशे तर नऊशे!" डॉक्टरांनी बाह्या सारल्या. पहिले अक्षर उमटते तोच फोन वाजला. बुवा होते.

"डॉक्टर, रागावू नका," बुवांचा आवाज अगदी खाली आला होता. "पण एवढी माणसं म्हणतायत, तर... उजवीकडं खरंच जरा ठणकतंय हो."