सेकंदाला तीन हजार शंभर फूट

"सर, एवढं गणित तपासून द्याल?" असं म्हणून लोर्ना फ्रीसेनने ओरेस्ट वोयचुकच्या न्याहारीच्या ताटलीशेजारी एक कागद ठेवला. लोर्ना गावच्या नेमबाजी क्लबची सचिव. शिवाय सास्काचेवान प्रांतातल्या त्या गावातल्या निम्म्या प्रौढांप्रमाणे ओरेस्टची माजी विद्यार्थिनी. सदतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थाने, चूक सापडणारच या जुन्या खात्रीने, कागद उचलला. चूक नव्हती. साडेतीनशे ग्रेन वजनाची गोळी, सेकंदाला तीन हजार शंभर फूट वेग; उत्तर, दहा हजार एकशे चोवीस जूल.

"दहा हजारांच्या वर गेली की बंदूक निषिद्ध," लोर्ना म्हणाली. "शनिवारी मैदानाच्या तपासणीला सरकारी बाई येतायत. आणि हा वेग आपल्या क्लबच्या विक्रमांच्या फळ्यावर तुमच्या नावापुढे आहे. सूत्र तुम्हीच शिकवलंत, म्हणून म्हटलं आधी तुम्हालाच विचारावं."

ज्या काडतुसामुळे हा प्रसंग ओढवला ते ओरेस्ट स्वतःच्या तळघरात भरत असे. पंज्याएवढं लांब, पितळी, देखणं. दोन किलोमीटरवर टांगलेली पोलादी थाळी वाजवण्यापलीकडे त्याचा जगाला कसलाही उपयोग नव्हता. कायद्याला त्याच्या पितळेशी वा देखणेपणाशी कर्तव्य नव्हतं. नळीच्या तोंडाशी गोळीत किती ऊर्जा असते, एवढंच तो विचारी. नेमका दहा हजारांचाच आकडा का, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. शून्यं मोजायला सोपी पडत असावीत. परंतु आकडा म्हटला की तो दोन्ही बाजूंनी कापतो. फळ्यावरचा वेग खरा असेल, तर ओरेस्टच्या कपाटात निषिद्ध शस्त्र होतं. खोटा असेल, तर ओरेस्ट खोटा होता.

वेग खोटा होता. सहा वर्षांपूर्वी क्लबच्या कॉफीच्या टेबलावर लोर्नाच्या वडिलांनी, पीटर फ्रीसेनने, आपलं काडतूस दोन हजार नऊशे दहाला जातं असं लाजत लाजत सांगितलं होतं. टेबल भारावून गेलं. ओरेस्टने कॉफीच्या दोन घोटांमध्ये "माझं तीन हजार शंभरला जातं" असं म्हटलं, आणि तिसऱ्या घोटापर्यंत ते सत्य झालं होतं. त्यानंतर पीटरने दोन उन्हाळे तो वेग गाठण्यात घालवले. काडतुसातली दारू वाढवली, नळी जाळली, खांदा निकामी करून घेतला. शेवटी "आपला हातच कच्चा" असं म्हणून त्याने नेमबाजी सोडली. ओरेस्टने त्याचं सांत्वनही केलं होतं. प्रयत्न थोर, वगैरे.

मंगळवारी दुपारी ओरेस्ट ओला बोळा घेऊन क्लबात गेला. फळ्यावरचा आकडा त्याने त्या वेळी तैलरंगात लिहवून घेतला होता, तो निघाला नाही. बुधवारी त्याने लोर्नाला फोन करून नळी आता झिजल्याचं, वेग पूर्वीचा राहिला नसल्याचं कळवलं. कधीपासून झिजली ते लेखी द्या, असं ती म्हणाली. त्याआधीच्या वर्षांचा गुन्हा वेगळा नोंदवावा लागेल. गुरुवारी त्याने तो आकडा केवळ विनोद होता असं सुचवून पाहिलं. तेव्हा लोर्नाने साप्ताहिकातलं कात्रण वाचून दाखवलं. कायद्याचा निषेध करणाऱ्या पत्रात, भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक अशा सहीनिशी, ओरेस्टने तो वेग स्वतः छापून आणला होता.

"तपासनीस बाईंनी हेच पाठवलंय," ती थंडपणे म्हणाली. "त्यांना तुमची भाषा आवडली."

डार्लीनने, त्याच्या बायकोने, हे सारं पेरोगीसाठी, त्या सारण भरून उकडायच्या करंज्यांसाठी, पाऱ्या लाटता लाटता ऐकलं.

"थापा मारल्या म्हणून सांग आणि मोकळा हो."

"सदतीस वर्षं मी या गावाला शिकवलंय, डार्लीन."

"म्हणजे तुरुंगात जाशील, पण तोंड उघडणार नाहीस. धन्य आहे बाबा तुझी."

शनिवारी, जुलैच्या रणरणत्या उन्हात, सबंध क्लब घडीच्या खुर्च्या घेऊन हजर होता. पीटरही आला होता. लोर्नाने त्याला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं. टोर्गरसन नावाच्या तपासनीस बाई अत्यंत सौम्य होत्या. त्यांनी ओरेस्टच्या जुन्या पेटीतून तीन काडतुसं स्वतः निवडली आणि नळीपुढे वेगमापक मांडला. ओरेस्ट बंदुकीमागे पालथा पडला. आपली गोळी मंद जावी अशी प्रार्थना करणारा तो त्या मैदानावरचा पहिलाच नेमबाज असावा.

दोन हजार आठशे अडुसष्ट. दोन हजार आठशे चौऱ्याहत्तर. दोन हजार आठशे एकाहत्तर.

"आठ हजार सातशे जूलच्या आसपास," बाई म्हणाल्या. "पूर्णपणे कायदेशीर. अभिनंदन."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. ते प्रेमळ लोक होते, आणि म्हणूनच ओरेस्टला मान वर करता येईना. बाईंनी त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या: फळ्यावर आणि वृत्तपत्रात दिलेला वेग माझ्या बंदुकीने कधीही गाठलेला नाही. अक्षर त्याचं नेहमीसारखंच वळणदार आलं. पीटरने खुर्चीतून तीन आकडे पुटपुटून पाहिले आणि तो स्वतःशी हसला. सहा वर्षांनी त्याचा हात त्याला परत मिळाला होता. ओरेस्टला वाटलं, याहून वाईट काही आता व्हायचं नाही.

"फक्त बंदुकीचा क्रमांक टिपते," बाई म्हणाल्या आणि धातूवर वाकून मोठ्याने वाचू लागल्या. "तीन, शून्य, सात..."

"चार, चार, नऊ," पीटर म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"एकोणीस वर्षं माझीच होती. रेजायना शहरातल्या दुकानात विकली मी."

विकल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ओरेस्टने ती त्या दुकानातून गुपचूप आणली होती आणि ओळखू येऊ नये म्हणून तिचा लाकडी दस्ता रंगवून घेतला होता. दोन हजार नऊशे दहा हा त्या गावातला सर्वांत मोठा खरा वेग आहे, हे ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता. कारण बाकीचे त्याच्यावर विश्वास ठेवून होते.

लोर्ना उभी राहिली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. पीटरने तिचा हात धरून तिला खाली बसवलं, सावकाश उठून तो ओरेस्टजवळ आला आणि बंदुकीच्या तापलेल्या नळीवर त्याने बोट ठेवलं. गावभरात ज्याने आजवर एकही आकडा फुगवला नव्हता, तो माणूस घाम पुसत म्हणाला,

"आज गारठा आहे, ओरेस्ट. गारठ्यात जरा कमीच जाते ती."